घरात ताजी हवा आणणारी यंत्रणा कशी निवडावी: आधी मोजा, मग विकत घ्या

रोज सकाळी डोकं जड. उशी बदलून झाली, झोपायची वेळ बदलून झाली, काही फरक नाही. मग एका मित्राने कार्बन डायऑक्साइड मोजायचं मुठीएवढं यंत्र चार दिवस वापरायला दिलं. झोपताना आकडा होता ६१० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६१० भाग. पहाटे पाचला डोळे किलकिले करून पाहिलं तर २,३४०. खिडक्या बंद, दार लोटलेलं, एसी चालू. दोन माणसं रात्रभर एकमेकांचा उच्छ्वास आत घेत होती, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतरचं वर्ष मी व्हेंटिलेशनची यंत्रणा निवडण्यात घालवलं आणि त्यातला निम्मा वेळ स्वतःच्याच चुका निस्तरण्यात गेला. चुकीचा पंखा घेतला, पाइप भलतीकडे काढला, एक भिंत दोनदा रंगवली. तुम्ही आता सुरुवात करत असाल तर यातलं बरंच टळेल. दुकानात पहिला प्रश्न येतो, "कुठलं मॉडेल दाखवू?" त्याचं उत्तर खालच्या पायऱ्यांत बरंच उशिरा येतं आणि ते उशिराच यायला हवं.

एक गल्लत आधीच दूर करू. एसी हवा गार करतो, प्युरिफायर ती गाळतो आणि व्हेंटिलेशन ती बदलतं. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटपर्यंत जातात त्या गॅसच्या नळ्या, हवा तिथे जात नाही. प्युरिफायर धूळ, धूर, परागकण पकडेल, पण कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांना तो हातही लावत नाही. माझ्याकडे दोन्ही यंत्रं होती, दोन्ही रात्रभर चालू असायची, तरी आकडा २,३४०.

१. आधी आठवडाभर मोजा

यंत्रणा घेण्याआधी घरात नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं. त्यासाठी तीन मोजमापं पुरतात: कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता आणि पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण.

कार्बन डायऑक्साइड मोकळ्या हवेत आज साधारण ४२० पीपीएम असतो. घरातला आकडा त्याच्यावर जितका चढेल तितकी हवा कमी बदलतेय असं समजायचं. १,००० ची मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली होती आणि आजही कोंदटपणा ओळखायला तीच खूण वापरतात. १,२०० किंवा १,५०० ला हा वायू विषारी होत नाही, तेव्हा आकडा पाहून घाबरू नका. तो फक्त चुगली करतो. माणसाच्या श्वासातला हा वायू साचलाय तर फर्निचर, रंग, साबण, स्वयंपाक यांतून येणारं बाकीचंही साचलेलं असणार.

यंत्र घेताना एक बघा. त्यावर 'एनडीआयआर', म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा, सेन्सर आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं. स्वस्तातल्या काही यंत्रांवर 'ई-सीओटू' लिहिलेलं असतं. ती हवेतल्या इतर वाफा मोजतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. शेजारी सॅनिटायझरची बाटली उघडली तरी आकडा उडी मारतो. दुसरं म्हणजे बरीच यंत्रं आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजेच मोकळी हवा असं गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. खोली कधीच उघडली नाही तर कोंदट हवेलाच ते ताजी समजू लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा ते बाल्कनीत किंवा खिडकीबाहेर अर्धा तास ठेवा. आत ठेवताना उशीजवळ नको. तोंडापासून दोन हात लांब, टेबलाच्या उंचीवर, खिडकीच्या झोतात नाही.

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर बरं. ती सतत ६० च्या वर असेल तर कपाटामागे, कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीवर बुरशी धरायला लागते. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी वर्षाच्या सरासरीला ५ आणि २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. बहुतेक शहरांत हे साधणं अवघडच, पण आपण कुठे आहोत ते तर कळतं.

आठवडाभर एका वहीत वेळ, खोली, आकडा आणि तेव्हा घरात काय चाललं होतं ते लिहा. "रात्री ८.१०, स्वयंपाकघर, तळण चालू, पीएम २.५ एकदम वर, चाळीस मिनिटं उतरलं नाही" असं. दोन नोंदी एकसारख्या दिसायला लागल्या की गुन्हेगार सापडलाच. आमच्याकडे दोन निघाले: बंद शयनगृह आणि नावापुरता एक्झॉस्ट असलेलं न्हाणीघर.

घरात गॅसचा गिझर, गॅस हीटर, शेगडी असं काहीही जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच घ्या. हा वायू वेगळा, त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो. घर थेट जमिनीला टेकून असेल किंवा तळघर असेल तर रेडॉनचीही तपासणी करून घ्यावी. जमिनीतून झिरपणाऱ्या या किरणोत्सारी वायूसाठी आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी प्रति घनमीटर १०० बेकरेल आहे.

२. बाहेरून काय येणार तेही बघा

ताजी हवा म्हणजे बाहेरची हवा. बाहेरची हवा दमट असेल तर ओल आत येणार, धुरकट असेल तर धूर आत येणार. हे ऐकायला सोपं वाटतं, पण माझी पहिली चूक इथेच झाली.

एक हिशोब करून बघू. बाहेर ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम पाणी असतं. घरात एसी लावून तुम्ही २६ अंश आणि ५० टक्के राखलंत तर तिथे असतं १२ ग्रॅम. म्हणजे आत येणारा प्रत्येक घनमीटर १५ ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येतो. तासाला १०० घनमीटर हवा आत घेतलीत तर तासाला दीड लिटर पाणी. ते कुणीतरी काढायलाच हवं, नाहीतर ते गादीत, कपड्यांत, पुस्तकांत मुरतं.

थंड प्रदेशात उलटं होतं. शून्य अंशाची ८० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता जेमतेम २० टक्के उरते. ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो.

आणि तुमचं घर वर्षातले बरेच महिने खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा हवेत असेल, रस्ता लांब असेल, डास अडवायला जाळी असेल? मग पुढचं अर्ध वाचायची गरज नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. दोन्हींपैकी एकच उघडलीत तर फारसं काही होत नाही, कारण हवेला आत यायला जसं दार लागतं तसं बाहेर जायलाही लागतं. सगळ्या यंत्रणेचं गणित याच एका वाक्यावर उभं आहे.

३. जिथे घाण होते तिथेच ती पकडा

अख्ख्या घराची हवा बदलून स्वयंपाकघरातला धूर घालवणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आधी दोन जागा नीट करा.

स्वयंपाकघर: शेगडीवरची चिमणी बाहेर सोडणारीच हवी. कोळशाचा फिल्टर लावून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी वास आणि थोडं तेल पकडते, पण वाफ आणि जळण्यातून निघणारे वायू आतच राहतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि तो अडवण्याची खात्री अशा चिमणीकडून देता येत नाही. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको. मागचे बर्नर तिच्याखाली पूर्ण येतात आणि पुढचे अर्धवट, म्हणून जास्त धुराचं काम मागच्या बर्नरवर करायची सवय लावा. फुकटात फरक पडतो.

न्हाणीघर: अमेरिकेतल्या 'ॲशरे' या संस्थेच्या घरगुती व्हेंटिलेशनच्या मानकात, क्रमांक ६२.२, गरजेपुरत्या चालणाऱ्या एक्झॉस्टसाठी न्हाणीघराला ५० सीएफएम आणि स्वयंपाकघराच्या चिमणीला १०० सीएफएम अशी किमान मापं आहेत. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा; एक सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर. अंघोळ झाली की पंखा लगेच बंद करू नका. वीस-तीस मिनिटं चालू द्या, किंवा आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारा पंखा घ्या. आमच्याकडे सगळेजण बाहेर पडताना बटण बंद करायचे, तेव्हा तो सेन्सरचा पंखा घेतल्यावरच प्रश्न सुटला. शिस्तीवर माझा विश्वास उरलेला नाही.

इथला सापळा सांगतो, कारण मी त्यात अडकलो. आमच्या न्हाणीघराचा जुना पंखा छान आवाज करत फिरायचा. एकदा फॉल्स सीलिंगची एक पट्टी काढून टॉर्च मारला तर पंख्याचा पाइप दीड हात पुढे जाऊन तिथेच संपलेला. बाहेरच्या भिंतीपर्यंत तो गेलाच नव्हता. इतकी वर्षं सगळी वाफ छतात जात होती आणि प्लास्टरला काळे ठिपके पडले होते. बाजूची भिंत मी दोनदा रंगवली होती ती याच ओलीमुळे. तेव्हा पंखा फिरतोय यावर समाधान मानू नका, बाहेर जाऊन बघा. बाहेरच्या जाळीपाशी हात धरल्यावर वारा लागला पाहिजे.

घरात कपडे वाळत घालत असाल तर एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, हेही वहीत लिहा.

४. किती हवा लागते याचा हिशोब

वर सांगितलेल्या मानकातलं सूत्र सोपं आहे. घराचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्या आणि ०.०३ ने गुणा. त्यात, शयनगृहांची संख्या अधिक एक, गुणिले ७.५ हे मिळवा. उत्तर सीएफएममध्ये येतं.

१,००० चौरस फूट, दोन शयनगृहं: ३० अधिक २२.५, म्हणजे ५२.५ सीएफएम, तासाला सुमारे ९० घनमीटर. छत २.७ मीटर उंच असेल तर घरात एकूण २५० घनमीटर हवा आहे, म्हणजे साधारण पावणेतीन तासांत घराएवढी नवी हवा आत येते.

पण एकूण आकड्यावर थांबू नका. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांच्या खोलीत आकडा १,००० च्या आसपास ठेवायचा तर त्या एका खोलीला तासाला ४५ घनमीटर बाहेरची हवा लागते. घराच्या वाट्याची निम्मी हवा रात्री एकट्या शयनगृहात! दिवाणखान्यात भसाभस हवा सोडून शयनगृहाचं दार बंद केलंत तर कागदावर यंत्रणा पास आणि खोलीत नापास. म्हणून पंखा किती मोठा यापेक्षा हवा कुठे पोचते हे जास्त विचारा.

५. आता प्रकार निवडा

*फक्त बाहेर काढणारी.* न्हाणीघर-स्वयंपाकघरातून मंद गतीने सतत हवा ओढायची आणि बाकीच्या खोल्यांत खिडकीच्या चौकटीतल्या झडपेतून ती आत येऊ द्यायची. स्वस्त, सोपी, डक्ट (हवा नेणारे पाइप) कमी. पण आत येणारी हवा कुठून येईल यावर तुमचा ताबा कमी. झडपा नसतील तर ती दाराच्या फटीतून, जिन्यातून, शेजारच्या स्वयंपाकघरातूनही येईल. दमट प्रदेशात एसीच्या घरात भिंतींच्या फटींतून ओली हवा ओढली जाते आणि गार पृष्ठभागावर दंव धरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: घरात धुराडं असलेला गॅस गिझर किंवा चूल असेल तर जोरदार एक्झॉस्ट त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइड असा घरात येतो. अशा घरात हा प्रकार तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय नको.

*फक्त आत ढकलणारी.* एक पंखा फिल्टरमधून हवा आत सोडतो, घरात किंचित दाब तयार होतो आणि जुनी हवा फटींतून बाहेर जाते. बाहेर धूळ-धूर जास्त असेल तर ही पद्धत मला आवडते, कारण येणारी सगळी हवा एकाच जागी गाळता येते आणि फटींतून काही आत घुसत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र घरातली दमट हवा भिंतीत ढकलली जाते, तिथे ती गोठते किंवा ओल धरते. तिथे नको.

*संतुलित, उष्णता परत मिळवणारी.* एक पंखा आत, एक बाहेर, मध्ये एक गाभा. जाणारी हवा आणि येणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. त्या मिसळत नाहीत, पण उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. बाहेर ५ अंश, आत २१ अंश, यंत्राची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर येणारी हवा १७ अंशांची होऊन मिळते. १९७७ मध्ये कॅनडात रिजायना इथे बांधलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउसमध्ये असा उष्णता-विनिमयक बसवला होता. ते घर इतकं घट्ट बंद होतं की हवेची सोय वेगळी करणं भागच होतं. आजच्या काचबंद घरांची अडचण तीच आहे.

यात दोन जाती आहेत. एचआरव्ही फक्त उष्णता अदलाबदल करते. ईआरव्हीचा पडदा थोडी वाफही पलीकडे जाऊ देतो. बाहेर दमट आणि आत एसी असेल तर ईआरव्ही, कारण येणाऱ्या ओलीचा काही हिस्सा ती जाणाऱ्या कोरड्या हवेला देऊन टाकते. बाहेर कडक थंड आणि आत कोरडं पडत असेल तरी ईआरव्ही, म्हणजे घरातली ओल टिकते. बाहेर थंड पण घरात माणसं जास्त, धुणी-वाफ जास्त, काचांवर पाणी ओघळतंय, तर एचआरव्ही.

विक्रेता सांगेल की ईआरव्ही हवा कोरडी करते. करत नाही. ती ओल येण्याचं प्रमाण कमी करते. वर काढलेलं दीड लिटर पाणी ती पाऊण लिटरवर आणेल, पण ते पाऊण लिटर एसीलाच किंवा वेगळ्या डिह्युमिडिफायरला काढावं लागेल. पावसाच्या दिवसांत हवा गार असते, एसी बंद असतो आणि ओल मात्र भरपूर. तेव्हा ही अडचण सगळ्यांत जास्त जाणवते. आणि तुमच्याकडे ना हीटर ना एसी, असं असेल तर परत मिळवायला काही नाहीच. यावर पैसे घालू नका.

*एका खोलीपुरती.* भिंतीला साधारण १६० मिलीमीटरचं भोक, त्यात पंखा आणि चिनीमातीचा जाळीदार ठोकळा. साधारण मिनिटभर हवा बाहेर जाते, ठोकळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो आणि येणारी हवा त्या ठोकळ्यावरून गरम होऊन येते. राहत्या घरात डक्ट टाकायला छत फोडायचं नसेल तर ही सोय चांगली. ही यंत्रं जोडीने लावतात, एक आत घेत असताना दुसरं बाहेर सोडतं. एकच लावलंत तर अपेक्षेएवढी हवा येत नाही. उंच मजल्यावर, जोराचा वारा थेट भिंतीवर येत असेल तर पंखा वाऱ्यापुढे हरतो. आणि पंखा तुमच्या डोक्याशीच असल्याने आवाजाकडे नीट लक्ष द्या.

मी काय केलं? शयनगृहांसाठी छोटी डक्टची ईआरव्ही, न्हाणीघराला वेगळा सेन्सरचा एक्झॉस्ट, स्वयंपाकघराला बाहेर सोडणारी चिमणी. तिन्ही एकाच यंत्राला जोडा असा सल्ला मिळाला होता. चिमणीची तेलकट हवा त्या नाजूक पडद्यात कधीही नेऊ नका.

६. नकाशावर पाइप काढा

घराच्या नकाशावर पेन्सिलीने हवेचा रस्ता काढा: आत कुठून, कोणत्या खोलीत, कुठल्या दाराखालून, बाहेर कुठून. दारं जमिनीला घासून बसलेली असतील तर खाली सेंटिमीटरभर फट लागेल. सुतार ते काम पंधरा मिनिटांत करतो आणि तरी सगळेजण हेच विसरतात.

हवा आत घेण्याचं तोंड आणि बाहेर सोडण्याचं तोंड यांत किमान ३ मीटर अंतर ठेवा. पार्किंग, जनरेटर, कचऱ्याची जागा, शेजाऱ्याची चिमणी, गॅस गिझरचं धुराडं यांच्याजवळ आत घेण्याचं तोंड नको. भिंतीत कोअर कटिंग करण्याआधी बीम-कॉलम कुठे आहेत ते ड्रॉइंगवर बघा. त्यांना भोक पाडायचं नसतं, मग ठेकेदार कितीही "काही होत नाही" म्हणो. सामाईक इमारत असेल तर बाहेरच्या भिंतीसाठी लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी हातात असू द्या.

७. कोटेशन मागताना

भेटीला जाताना एवढं सोबत ठेवा:

- खोल्यांची मापं आणि छताची उंची लिहिलेला नकाशा, त्यावर तुमची पेन्सिल
- बीम-कॉलमचं ड्रॉइंग, परवानगीचं पत्र
- आठवडाभराची वही
- घरात काय काय जळतं त्याची यादी
- फॉल्स सीलिंगच्या आतल्या जागेचे मोबाइलवरचे फोटो, शेजारी टेप धरून

आणि एकच प्रश्न नक्की विचारा: "हा आकडा किती दाबाला आहे?" खोक्यावरची हवा बहुतेकदा पाइप न जोडता, शून्य पास्कलला (पास्कल हे दाबाचं एकक) मोजलेली असते. पाइप, वळणं, फिल्टर, जाळी जोडली की पंख्याला ५० ते १०० पास्कलशी झुंजावं लागतं. न्हाणीघरासाठी मी घेतलेल्या पहिल्या पंख्यावर तासाला ९५ घनमीटर लिहिलं होतं. सहा मीटर लवचिक पाइप आणि तीन वळणांनंतर मोजली तेव्हा हवा निघाली ३५. पंखा खराब नव्हता, मी आकडा चुकीचा वाचला होता. दाबानुसार हवा दाखवणारा आलेख मागा. तो नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

फिल्टर कुठला बसतो ते विचारा. बारीक कणांसाठी मर्व्ह (फिल्टर किती बारीक गाळतो त्याची अमेरिकन श्रेणी) १३ किंवा आयएसओच्या नव्या वर्गवारीत 'ईपीएम १, ५० टक्के', म्हणजे एक मायक्रॉनपर्यंतचे निदान निम्मे कण पकडणारा, या पातळीचा असावा. हेपा, म्हणजे अतिबारीक कणही पकडणारा दाट फिल्टर, ऐकायला भारी वाटतो, पण त्यासाठी बनवलेला जोरकस पंखा नसेल तर हवेचा घोटच बंद होतो. आवाजासाठी शयनगृहात ३० डेसिबलच्या खाली, आणि तोही रोज चालवायच्या गतीला. सगळ्यांत कमी गतीचा आकडा छापून भुलवतात. यंत्र नेहमी गरजेपेक्षा थोडं मोठं घेऊन मध्यम गतीवर चालवा. पूर्ण गतीला गुरगुरणारं यंत्र आठवडाभरात कुणीतरी बंद करतंच. आमच्याकडे हिने तिसऱ्याच रात्री केलं होतं.

८. बसवताना घरी थांबा

सुट्टी काढा. लवचिक पाइप वापरायचाच असेल तर पूर्ण ताणलेला आणि आखूड हवा. अकॉर्डियनसारखा चुरगळलेला पाइप हवा अडवतो. शक्य तिथे कडक गुळगुळीत पाइप. थंड हवा नेणाऱ्या पाइपला इन्सुलेशन, नाहीतर बाहेरून पाणी सुटेल. बाहेर जाणारा पाइप बाहेरच्या दिशेला किंचित उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. यंत्राला पाणी काढायची नळी असेल तर तिचा उतार बघा, तिच्यात ग्लासभर पाणी ओतून बघा. आणि फिल्टर काढायला हात जाईल एवढी झडप सीलिंगमध्ये ठेवलीय ना? आमच्या मिस्त्रीने ती विसरून सीलिंग बंद केलं होतं.

९. चालू झाल्यावर परत मोजा

पैसे पूर्ण देण्याआधी हे करा. मोठी, १२० लिटरची कचऱ्याची पिशवी घ्या. हँगरच्या तारेवर तिचं तोंड ताणून बसवा, पिशवी दाबून सपाट करा आणि हवा येणाऱ्या जाळीवर घट्ट धरा. १४-१५ सेकंदांत फुगली तर तासाला ३० घनमीटरच्या आसपास हवा येतेय. अर्धा मिनिट लागलं तर निम्मीच. पिशवीचं छापलेलं माप आणि फुगलेलं माप यांत फरक असतो, पण खोलीखोलीतली तफावत लगेच कळते. आमच्या दोन शयनगृहांत एकीकडे १३ सेकंद आणि दुसरीकडे ४१. मिस्त्रीने जाळ्यांचे झडपपट्टे फिरवून ते १९ आणि १७ वर आणले.

दुसरी परीक्षा रिकाम्या खोलीची. खोलीतला कार्बन डायऑक्साइड १,४२० वर गेला की सगळ्यांनी बाहेर पडा, दार ओढून घ्या, यंत्र चालू ठेवा. तासाने आकडा ७९० च्या आसपास आला तर त्या खोलीची हवा तासाला एकदा बदलतेय. गणित असं: बाहेरच्या ४२० पेक्षा जास्तीचे जे १,००० होते त्यांतले साधारण ३७ टक्के उरले की एक बदल झाला. १,००० च्याच वर अडकला असेल तर पाइप कुठेतरी दबलाय किंवा दाराखाली फट नाही.

१०. फिल्टरची तारीख

बसवल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फिल्टर उघडून बघा, कारण तुमच्याकडची धूळ किती हे पुस्तिका लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. पुस्तिकेत सहा महिने लिहिलेलं असतं. आमचा अडीच महिन्यांतच राखाडी झाला आणि पिशवी फुगायला २६ सेकंद लागायला लागले. त्याच मापाचे फिल्टर सुटे मिळतात का हे खरेदीआधीच विचारून ठेवा आणि दोन घरात आणून ठेवा. मी पुठ्ठ्याच्या कडेवर मार्करने बसवल्याची तारीख लिहितो आणि खाली पिशवीचे सेकंद. या वेळच्या कडेवर लिहिलंय: १८.